जरा टोक धरता का?

मी एक जुना दोर आहे. साठ मीटर लांब, तीन पेडांचा आणि मध्ये एके ठिकाणी जोडलेला. एका मैदानाच्या कडेला पत्र्याची खोली आहे, तिथे दाराजवळच्या मोठ्या खिळ्यावर माझा मुक्काम असतो. दर रविवारी सकाळी मला खाली उतरवतात आणि मुलांच्या रग्बीच्या मैदानाच्या एका बाजूने ताणून बांधतात. माझ्या आतल्या बाजूला मुले खेळतात आणि बाहेरच्या बाजूला मोठी माणसे उभी राहतात. मुलांना आवरायला एक शिट्टी पुरते. मला बांधतात ते मोठ्यांसाठी.

मित्रांनो, माझा जन्म एका लांबलचक छपराखाली झाला. तिथे कामकरी बायका धाग्यांना पीळ देत देत उलट्या पावलांनी मागे मागे चालत जायच्या. त्या जितक्या मागे जात, तितका दोर लांब होई. पुढे कधीतरी मी रग्बी पाहिली, तेव्हा मला या खेळाचे मर्म पहिल्याच दिवशी कळले, ते याच कारणाने. या खेळात लांबट चेंडू हातात घेऊन पुढे पळता येते, पण सोबत्याला तो पुढच्या बाजूला फेकता येत नाही. फेकायचा तर मागे किंवा बाजूला. चेंडू मागे टाकत टाकत सगळी टोळी पुढे सरकते. मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना हे समजायला अख्खा हंगाम लागतो. मी मुळात मागे चालत तयार झालो, म्हणून मला सोपे गेले.

ऐन उमेदीची वीस वर्षे मी नदीच्या धक्क्यावर काढली. माणसे पलीकडे नेणाऱ्या होडीला मी धरून ठेवत असे. तिथेच मला तळहात ओळखायची विद्या आली. कोण दमला आहे, कोण घाबरला आहे, कोण उगाच जोर दाखवतो आहे, हे मुठीवरून मला बरोबर कळते. मग धक्क्यावर लोखंडी साखळी आली आणि मी कोपऱ्यात पडलो. उंदरांनी माझा मधला भाग कुरतडला. येणारे जाणारे माझ्यावर पाय देऊन जात. वाईट वाटायचे, पण सांगणार कुणाला?

एके दिवशी मैदानाची देखभाल करणाऱ्या मावशी धक्क्यावर आल्या. त्यांनी मला उचलून पाहिले आणि विचारले, "हा टाकून देणार आहात का?" कुणी हो म्हणायच्या आत त्यांनी मला खांद्यावर घेतलेसुद्धा. घरी नेऊन धुतले, वाळवले, हातभर हातभर ओढून पाहिले. कुजका तुकडा काढला आणि धक्क्यावरच्या म्हाताऱ्या नावाड्याकडून मला पुन्हा जोडून घेतले. तो जोड आजही माझ्यातला सर्वांत मजबूत भाग आहे.

मावशींविषयी बोलायला लागलो की मला थांबवत नाही, तरी थोडक्यात सांगतो. त्या आयुष्यात कधी रग्बी खेळल्या नाहीत. पण रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारतात, त्या इतक्या सरळ की रेघेला फुटपट्टी लावून पाहावी. रेघेपासून दोन पावले मागे त्या दहा खुंट ठोकतात आणि मला त्यांवरून ओढून घेतात. दहावा खुंट कोपऱ्यात, पाण्याच्या नळापाशी. मावशींचा आवाज इतका हळू आहे की ऐकायला माणसाला वाकावे लागते. वाकलेला माणूस ओरडत नाही, हे त्यांना पक्के माहीत आहे.

सुरुवातीला मला हे काम कमीपणाचे वाटले. होडी बरी, तिला निदान तोंड नव्हते. इथे तर सामना सुरू झाला की मोठ्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. नऊ-दहा वर्षांची पोरे चिखलात लोळत असायची आणि त्यांचे आईबाप असे खिंकाळायचे, जणू जगाचा निकाल तिथेच लागणार आहे. रेफ्री होते आमचे चष्मेवाले. आठवडाभर दुकानात बसून लोकांचे डोळे तपासायचे आणि रविवारी मोबदला न घेता मुलांसाठी शिट्टी फुंकायचे. त्यांनाच कुणीतरी ओरडून सांगायचे, "अहो, चष्मा लावा जरा!" मग तोच माणूस सोमवारी चष्म्याचा नंबर काढायला त्यांच्या दुकानात जायचा. चष्मेवाले त्याचा नंबर अगदी बरोबर काढून देत. मला त्यांचे फार कौतुक वाटे.

अशा ओरडणाऱ्यांवर मावशींनी एक उपाय शोधला होता. मित्रांनो, हे गुपित आहे, म्हणून जरा हळू वाचा. कुणाचा आवाज फारच चढला की मावशी मध्यंतरात बादली घेऊन नळापाशी जायच्या, दहावा खुंट गदगदा हलवून उपटायच्या आणि बादलीच्या आड धरून खोलीत नेऊन ठेवायच्या. मग त्या ओरडणाऱ्यापाशी येऊन हळूच म्हणायच्या, "जरा टोक धरता का? खुंट मोडलाय. दोर सैल पडला तर पोरांचे पाय अडकतील."

मुलांच्या पायांचा प्रश्न म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? तो माणूस कोपऱ्यात येऊन माझे टोक धरायचा. मला ताणून धरायचे तर दोन्ही हात लागतात आणि पाय घट्ट रोवावे लागतात. मावशींचे म्हणणे असे, की माणूस आधी हातांनी ओरडतो आणि मग तोंडाने. हात अडकले की निम्मा आवाज तिथेच विरतो. उरलेला निम्मा दोर धरण्याच्या कष्टात जातो. मावशींनी आजवर कुणाचा अपमान केला नाही, कुणाला दटावले नाही, आणि तरी मैदान शांत ठेवले. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात मी याहून हुशार माणूस पाहिला नाही.

आता त्या माणसाची गोष्ट सांगतो, ज्याच्यापुढे ही हुशारीसुद्धा अपुरी पडेल असे मला वाटले होते.

दहा वर्षांची एक मुलगी संघात आली. इतकी चपळ, की सगळे तिला भिंगरीच म्हणू लागले. तिचे बाबा बंदरावर कामाला होते. क्रेनच्या खाली उभे राहून वरच्या चालकाला हाका द्यायच्या, हे त्यांचे काम. यंत्रांच्या गडगडाटातही त्यांची हाक वर पोचायची. तोच आवाज घेऊन ते रविवारी मैदानावर येत. पहिल्याच दिवशी पोरांनी त्यांचे नाव भोंगा ठेवले.

भोंगा मनाने वाईट नव्हता. लेकीसाठी तो जिवाचे रान करी. पण लहानपणी तो फुटबॉल खेळला होता आणि त्या खेळात चेंडू पुढे द्यायचा असतो. भिंगरीच्या हातात चेंडू आला रे आला की तो गर्जायचा, "पुढे टाक! पुढे!" आणि भिंगरी गुणी मुलगी, बाबांचे ऐकायची. चेंडू पुढे टाकायची. लगेच शिट्टी वाजायची आणि चेंडू दुसऱ्या संघाला मिळायचा.

शिकवणाऱ्या ताईंनी त्याला दोनदा समजावले. तो मान डोलावून म्हणायचा, "हो हो, कळलं. मागे टाकायचा." पुढच्या क्षणी पोरगी पळू लागली की सगळे विसरून पुन्हा "पुढे टाक!" सवयीने तोंडातून निघून जाई. भिंगरी एका सामन्यात चार वेळा चुकली. तिच्या संघातली मुले कपाळावर हात मारून घेऊ लागली. मग तिने एक युक्ती काढली. ती चेंडूच्या जवळच जाईनाशी झाली. चेंडू डावीकडे असला की ही उजवीकडे. तिच्यासारखी पळणारी मुलगी संघात नव्हती आणि ती नुसती उभी राहायची. 

एका रविवारी, चुकून म्हणा, चेंडू तिच्याच हातात येऊन पडला. समोर कुणी नव्हते. ती माझ्या बाजूने, रेघेच्या कडेने सुसाट निघाली. भोंग्याला राहवले नाही. त्याने मला वर उचलले, खालून वाकून आत शिरला आणि तिच्या बरोबरीने हातवारे करत पळू लागला. पळता पळता तोच रेघेवर आला. बाबांना धडकू नये म्हणून भिंगरी वळली, तोल गेला आणि तिचा पाय रेघेबाहेर पडला. शिट्टी वाजली. चष्मेवाल्यांनी हात करून सांगितले, चेंडू बाहेर. भोंगा त्यांच्याशीच वाद घालू लागला. भिंगरी मान खाली घालून बुटाने चिखल उकरत उभी होती.

मध्यंतरात ती नळापाशी आली. मावशी तिथे बादली भरत होत्या. भिंगरी पाणी प्यायली, तोंड पुसले आणि म्हणाली, "मावशी, पुढच्या रविवारपासून मी येणार नाही."

"का गं?"

"ताईंचं ऐकलं तर बाबांचं मोडतं. बाबांचं ऐकलं तर शिट्टी वाजते. मला खेळायला आवडतं, पण मला दोघांचं ऐकता येत नाही."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. त्यांना वाईट वाटेल. त्यांना सांगणार, की पोटात दुखतं."

मावशींनी नळ बंद केला.  भिंगरी गेल्यावर त्यांनी दहावा खुंट उपटला, इतक्या जोरात की मातीचे ढेकूळ माझ्या अंगावर उडाले.

भोंग्याने माझे टोक हातात घेतले आणि मला धक्क्यावरचे दिवस आठवले. दोर कसा धरायचा हे माहीत असलेला हात खूप वर्षांनी भेटला होता. त्याने तळव्याभोवती एक वेढा घेतला, टाच रोवली आणि मी सरळ झालो. सामना सुरू झाला. त्याने तोंड उघडले, तेवढ्यात मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही कामावरही असंच ओरडता का हो?" त्यांनी विचारले.

ऐकायला तो वाकला. म्हणाला, "ओरडावंच लागतं, मावशी. मी गप्प बसलो तर खाली उभ्या असलेल्या एखाद्याचा पाय जायचा. सतरा वर्षांत माझ्या पाळीला कुणाला खरचटलंसुद्धा नाही." आणि त्यात अभिमान होता, तो त्याच्या मुठीतही मला जाणवला.

"मोठं काम आहे," मावशी म्हणाल्या. "पण तुमची लेक पुढच्या रविवारपासून येणार नाही म्हणते. ताईंचं ऐकू की बाबांचं, हे तिला कळत नाही. तुम्हाला ती हे सांगणार नाही. पोटात दुखतं म्हणेल."

माझे टोक एकदम सैल झाले. मैदानावरच्या दहा वर्षांत पहिल्यांदा मी चालू सामन्यात जमिनीला टेकलो. भोंगा मैदानाकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने मला पुन्हा उचलले, दोन वेढे घेतले आणि ओठ आवळून उभा राहिला.

मित्रांनो, पुढची वीस मिनिटे मी कधी विसरणार नाही. त्यापेक्षा होडीला पुरात धरून ठेवणे मला सोपे गेले होते. भिंगरीकडे चेंडू आला की भोंग्याच्या मुठी अशा आवळायच्या की माझे पेड करकरायचे. पण आवाज बाहेर पडला नाही. पहिल्यांदा चेंडू आला तेव्हा भिंगरी थबकली आणि तिने माझ्याकडे, म्हणजे दोराकडे पाहिले. हाकेची वाट पाहत होती. हाक आली नाही. तेवढ्यात दुसऱ्या संघातल्या मुलाने तिला कमरेला धरून खाली पाडले. दुसऱ्यांदाही तसेच झाले. भोंग्याच्या कपाळावरून घाम गळत होता. तिसऱ्यांदा चेंडू आला, तेव्हा तिने दोराकडे पाहिलेच नाही. ती सरळ पळाली, दोन मुलांना आपल्याकडे ओढून घेतले आणि अगदी शेवटच्या क्षणी चेंडू मागे टाकला. मागून येणाऱ्या एका गोलमटोल मुलाच्या हातात तो बसला आणि त्याने पलीकडच्या रेघेमागे जाऊन जमिनीला टेकवला. त्या मुलाचे ते आयुष्यातले पहिले गुण होते.

तरीही आमचा संघ हरला, हे खरे असल्याने सांगतो. सामना संपल्यावर भिंगरी धावत कोपऱ्यात आली.

"बाबा, तू होतास ना? तुझा आवाजच आला नाही."

"होतो की. दोर धरून होतो."

"पाहिलंस? मी मागे टाकला."

"पाहिलं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं पुढे टाकशील. बरं झालं मला विचारलं नाहीस."

ती खळखळून हसली. घरी जाताना तिच्या पोटात दुखत नव्हते.

पुढच्या रविवारी भोंगा पहाटेच हजर झाला. मावशी लांब फक्की मारत होत्या. त्याच्या खांद्यावर एक नवाकोरा खुंट होता. बंदरावरच्या जाड लाकडाचा, तासून गुळगुळीत केलेला, खाली लोखंडी टोक बसवलेला. मावशींचा मोडका खुंट बदलून द्यायचा म्हणून तो आठवडाभर त्यावर खपला होता. मी खिळ्यावरून हे पाहत होतो आणि माझा जीव टांगणीला लागला. हा खुंट एकदा ठोकला की तो हत्तीकडूनही हलायचा नाही. मग मावशींच्या उपायाचे काय?

ठोकायला घण हवा म्हणून तो खोलीत आला. भिंतीशी जुने खुंट रांगेने उभे होते. त्याने ते मोजले. थांबून पुन्हा मोजले. दहाच्या दहा होते आणि एकही मोडका नव्हता. दहाव्याला तर अजून मागच्या रविवारची माती चिकटलेली होती.  मला वाटले, आता हा चिडणार, मावशींना जाब विचारणार. माणसाला फसवलेले आवडत नाही, मग ते त्याच्या भल्यासाठी का असेना.

पण तो गालातल्या गालात हसला. त्याने आपला नवा खुंट त्या रांगेच्या मागे, कुणाला दिसणार नाही असा आडवा ठेवला. मला खिळ्यावरून उतरवले, नऊ खुंट काखेत घेतले आणि बाहेर जाऊन म्हणाला, "मावशी, टोक आजपासून मीच धरतो. खुंट मोडलाय ना."

मावशींनी त्याच्याकडे पाहिले, मग खोलीच्या दाराकडे पाहिले. "मोडलाय खरा," त्या म्हणाल्या आणि पुढची रेघ मारू लागल्या.

त्या दिवसापासून भोंगा दर रविवारी माझे टोक धरतो. उलगडलेली टोके तो स्वतः बांधतो, पावसात भिजलो तर मला उन्हात पसरून वाळवतो. दुसऱ्या संघातल्या मुलानेही चांगला चेंडू टाकला की तो हात मोकळे नसल्यामुळे नुसतीच मान हलवतो. मुले त्याला अजून भोंगाच म्हणतात, आणि नव्या मुलांना ते नाव का पडले हे कळत नाही.

अशी सहा वर्षे गेली. चष्मेवाल्यांचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्यांनी आपली शिट्टी सोळा वर्षांच्या भिंगरीला दिली. गेल्या महिन्यात तिने लहान मुलांच्या सामन्याला पहिल्यांदा शिट्टी फुंकली. मावशी आता नळापाशी स्टुलावर बसतात. भोंग्याने माझे टोक धरले होते आणि माझ्या अंगाला त्याच्या हाताचा घाम लागत होता.

भिंगरीने एक निर्णय दिला. तो बरोबर होता. पण बाहेर नव्याने आलेले एक गृहस्थ होते, त्यांना तो पटला नाही. ते मोठ्याने ओरडले, "शिट्टी कळते का तुला? घरी जा, पोरी!"

 भिंगरीचे कान लाल झाले.  आणि इकडे भोंग्याची मूठ अशी आवळली, की मला वाटले आपला जुना जोड आज तुटणार. सतरा नि सहा, तेवीस वर्षे क्रेनला हाका देणारा गळा होता तो. एक हाक दिली असती तर त्या गृहस्थांची टोपी उडाली असती. मला वाटले, हा आता मला उचलून आत शिरणार.  मावशी फक्त त्याच्या हातांकडे पाहत होत्या.

त्याने एक मोठा श्वास घेतला. मग मला हातात तसेच धरून, तो कोपऱ्यातून सावकाश त्या गृहस्थांपाशी चालत गेला. आणि इतक्या हळू बोलला, की ऐकायला त्यांना वाकावे लागले.

"जरा टोक धरता का? खुंट मोडलाय. दोर सैल पडला तर पोरांचे पाय अडकतील."

गृहस्थ गोंधळले. पण मुलांच्या पायांचा प्रश्न होता. त्यांनी मला हातात घेतले, कोपऱ्यात आले, टाच रोवली. त्यांच्या मऊ तळव्यांना मी जरा टोचलो, ते मुद्दामच. भिंगरीने एकदा आमच्याकडे पाहिले. टोक कुणाच्या हातात आहे ते तिला दिसले. तिचे खांदे खाली आले आणि तिने खेळ पुढे सुरू केला.

सहा वर्षांनी भोंग्याचे हात रिकामे झाले होते. त्यांचे काय करावे हे त्याला कळेना. शेवटी त्याने ते छातीशी बांधले. स्टुलावरून मावशी म्हणाल्या, "हाताची घडी छान जमते हो तुम्हाला."

मित्रांनो, मी आता फार वर्षे टिकेन असे वाटत नाही. माझी काळजी घ्या, मला ओले गुंडाळून ठेवू नका, एवढे तर प्रत्येक दोर सांगेल. माझे मागणे थोडे वेगळे आहे. आज तुम्ही माझ्या आत आहात. उद्या मोठे व्हाल आणि माझ्या बाहेर उभे राहाल. आत तुमचे कुणीतरी लाडके पळत असेल आणि ओरडावेसे फार वाटेल. तेव्हा तुमच्या दोन्ही मुठींनी मला घट्ट धरा. मी जुना असलो तरी तेवढा भार मला पेलतो. आणि कुणी टोक धरायला सांगितले तर आनंदाने धरा, पण खोलीत जाऊन खुंट मात्र मोजू नका.